गिअर टाकला की बंद

"न्यूट्रलला मस्त चालते दाजी. रेस देली तर आवाज एकदम खणखणीत. गिअर टाकला की दोन धापा टाकते अन् बंद."

चांगदेवहून मेव्हण्याचा फोन होता, त्याच्या होडीच्या इंजिनाबद्दल. एवढं बोलून त्याने फोन तसाच इंजिनाजवळ धरला. पाण्याची चुळबूळ, इंजिनाची एकसारखी टरटर, मग खट्. त्यानंतर टरटर जड होत गेली, एकदा खोकली आणि शांत झाली. मी दुकानात एका डिझेल पंपाचा नोझल हातात घेऊन उभा होतो. म्हटलं, परत कर. त्याने परत केलं, परत तेच झालं.

"मले वाटते गिअरमधीच काही तुटेल असंन. खोलून पाहू का?"

"एकही बोल्ट खोलू नको. मी रविवारी येतो."

त्या फोननंतर इंजिन नीट व्हायला नऊ दिवस लागले. त्यातले तीन माझ्या चुकीमुळे गेले. ती चूक दुसऱ्या कोणाची होऊ नये म्हणून हे सगळं बयाजवार लिहितोय.

माझं दुकान मुक्ताईनगरात आहे. गावातली जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. सव्वीस वर्षं शेतीपंपांची कामं करतोय, त्यात डिझेल इंजिनं, मोनोब्लॉक, फवारणीचे पंप सगळं आलं. बोटीच्या इंजिनांना हात लावायला लागलो ते गेल्या सहा-सात वर्षांत, तेही मेव्हण्यामुळे. त्याची होडी चांगदेवला असते. मुलताईहून निघालेली तापी आणि वऱ्हाडातून येणारी पूर्णा तिथे एकमेकींना भेटतात. खाली हतनूरचं धरण आहे, ४१ दरवाज्यांचं. त्याचं पाणी फुगून संगमापर्यंत आणि त्याच्याही वर पसरतं. पावसाळा सोडला तर मेव्हणा वर्षभर तिथे जाळी टाकतो. हिवाळ्यात जळगाव-भुसावळकडचे पक्षी बघणारे लोक येतात, त्यांनाही तो होडीतून नेतो.

इंजिन पंधरा हॉर्सपॉवरचं आहे. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायचं, हातात धरायच्या दांड्यावरच रेस. चार वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याकडून सेकंडहँड आणलेलं. चालवलं नीट तर दमदार यंत्र आहे.

रविवारी घाटावर पोचलो तेव्हा त्याने आधी दुसरीच गोष्ट दाखवली. इंजिन बंद पडू नये म्हणून तो एक उपाय करत होता. रेस अर्धी उघडायची, इंजिन ओरडायला लागलं की गिअर मारायचा. तसं केलं की इंजिन बंद पडत नव्हतं, पण होडीला असा हिसका बसायचा की उभा माणूस बसता व्हावा, आणि खालून हातोडा मारल्यासारखा खाड् आवाज यायचा. हा उपाय त्याला एका मोठ्या शहरातल्या मेकॅनिकने शिकवला होता. त्या मेकॅनिकने स्लोचा, म्हणजे रेस न देता इंजिन किती वेगाने फिरावं ते ठरवणारा, स्क्रू दोन फेरे आत फिरवून दिला, "आता बंद नाही पडणार" म्हणाला आणि पैसे घेतले. मला तो खाड् आवाज ऐकवेना. का, ते सांगतो.

मोटारसायकलला, ट्रॅक्टरला क्लचप्लेटी असतात. त्या घसरत घसरत पकडतात, म्हणून गाडी अलगद उचलते. बोटीच्या या इंजिनात तसं काही नसतं. खाली पाण्यात जो गिअरचा डबा असतो त्यात एक पुढचा आणि एक मागचा असे दोन गिअर सारखे उलटसुलट फिरत असतात, आणि त्यांच्यामध्ये पंख्याच्या शाफ्टवर दाते असलेला एक तुकडा सरकतो. त्याला डॉग क्लच म्हणतात. तो सरकून एका गिअरच्या दात्यांत जाऊन अडकतो आणि पंखा फिरायला लागतो. मध्ये घसरणं नाही, की हळूहळू पकडणं नाही. म्हणून गिअर टाकताना इंजिन एकदम स्लोवर असलं पाहिजे आणि हात मात्र झटक्यात चालला पाहिजे. भीत भीत, हळूहळू सरकवलं तर दाते एकमेकांवर घासतात, आणि वाढलेल्या रेसमध्ये सरकवलं तर दात्यांचे कोपरे उडतात. कोपरे गोल झाले की गिअर अडकत नाही, सुटून सुटून येतो. ते काम खर्चाचं. म्हणजे इंजिन बंद पडण्याचा दोष कार्बोरेटरात असो की प्लगात, त्यावरचा हा उपाय चांगल्या गिअरला खाऊन टाकतो.

दुसरं एक समजून घ्यायला मला स्वतःला वेळ लागला होता. आपल्याकडचं पाच हॉर्सपॉवरचं जुनं डिझेल इंजिन बघा. त्याला दोन्ही बाजूंना जाडजूड चाकं असतात. पट्टा चढवला, पंपाने पाणी उचललं, तरी ते चाक आपल्या वजनाने ओझं ओढून नेतं आणि तेवढ्यात गव्हर्नर डिझेल वाढवून देतो. ओझं पडलं हे इंजिनाला स्वतःलाच कळतं. बोटीच्या या छोट्या पेट्रोल इंजिनाचं चाक हलकं आणि गव्हर्नर नाहीच. स्लोवर चालताना त्याच्याकडे फक्त स्लोच्या जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरातल्या एका बारीक भोकातून, येणारं चिमूटभर पेट्रोल असतं. न्यूट्रलला त्याला स्वतःपुरतं फिरायचं असतं, तेवढं ते अर्ध्या पोटीही फिरतं. गिअर टाकताक्षणी पाण्यातला पंखा त्याच्या गळ्यात पडतो. त्या वेळी त्याच्यात जे कमी असेल ते उघडं पडतं. म्हणूनच "गिअर टाकल्यावर बंद पडतं, मग दोष गिअरमध्येच" हे गणित बहुतेक वेळा चुकतं.

तरी गिअरच्या बाजूने सुरुवात करायची, कारण ती बाजू बिनखर्चाची आहे आणि पाच मिनिटांत निकाल देते.

मी त्याला दोन प्रश्न विचारले. पुढच्या गिअरलाच बंद पडतं की रिव्हर्सलाही? दोन्हीला, म्हणाला. आणि थांबतं कसं? चालती सायकल काठी घातल्यासारखी जागच्या जागी, की हळूहळू दम सुटत? हे मी फोनवर ऐकलंच होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. फटकन थांबलं तर काहीतरी अडकलंय किंवा करंट तुटतोय. दोन-तीन धापा टाकून थांबलं तर पेट्रोल, हवा नाहीतर ठिणगी यांतलं काहीतरी अपुरं आहे. याचं दुसऱ्या प्रकारचं होतं.

मग होडी काठापासून चांगली आत नेली. हतनूरच्या पाण्यात गाळ फार. दोन्ही नद्या काळी माती घेऊन येतात आणि ती धरणात बसते. मागच्या वर्षी जिथे वल्हं तळाला लागत नव्हतं तिथे यंदा कमरेएवढं पाणी असतं. पंखा गाळात फिरत असेल तर जगातलं कुठलंही इंजिन धापा टाकेल. खोल पाण्यातही तसंच झालं, म्हणजे गाळाचा प्रश्न मिटला.

काठाला आणून इंजिन वर उचललं. हाताच्या मनगटाला बांधायची, निघाली की इंजिन बंद करणारी लाल दोरी काढली, दोन्ही प्लगच्या टोप्या काढल्या. हे केल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही. दोन बोटं जातात, दोरी न ओढताही इंजिन एखादा ठोका घेऊ शकतं. न्यूट्रलला पंखा फिरवून पाहिला. फिरत होता, पण मोकळा नव्हता. कुठेतरी ओल्या कपड्यातून फिरल्यासारखा वाटत होता. पिन काढली, नट काढला, पंखा ओढून बाहेर घेतला. मागे शाफ्टवर तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉन दोरा, गुंडाळलेला, चांगला अंगठ्याएवढा जाड थर. फाटक्या जाळ्याचा तंगूस पाण्यात तरंगत असतो, तो पंख्यात जातो आणि आतमध्ये करकचून बसतो. उन्हाने, घर्षणाने वितळून त्याचा प्लॅस्टिकचा कडाच झाला होता. ब्लेडने कापून काढायला अर्धा तास लागला.

मेव्हणा खूश. मीही. पंखा बसवला, पाण्यात उतरवलं, चालू केलं, गिअर टाकला. चार धापा टाकल्या आणि बंद. आधी दोन टाकत होतं, आता चार. म्हणजे तंगूसाचं ओझं होतं, पण मुख्य दुखणं दुसरंच होतं.

तंगूस कापताना शाफ्टवरच्या, पाणी आत येऊ न देणाऱ्या सीलची कड कापलेली दिसली होती, म्हणून गिअरचं तेल पाहिलं. खालचा स्क्रू उघडला तर तेल दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. पाणी आत गेलं होतं. त्यामुळे इंजिन गिअरला बंद पडत नव्हतं, पण तसंच चालवलं असतं तर उन्हाळ्यापर्यंत बेअरिंग गंजून जाम झाले असते आणि मग ते खरोखर फटकन थांबलं असतं. कोणाच्या पंख्यामागे तंगूस सापडला तर गिअरचं तेल त्याच दिवशी बघावं. या दोन गोष्टी जोडीने येतात.

इथे माझी चूक झाली.

मला वाटलं, इंजिन दुकानात नेऊ, निवांत बघू. गाडीवर टाकून मुक्ताईनगरला आणलं. अंगणात दोनशे लिटरचा पिंप पाण्याने भरला, त्यावर फळी बांधून इंजिन लटकवलं आणि चालू केलं. आता ते गिअर न टाकताही तीन-चार मिनिटांत मिस मारायला लागलं आणि बंद पडलं. मी घाबरलो. एवढ्यात आणखी काय बिघडलं? प्लग बदलले. टाकीची नळी बदलली. इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा उघडून पाहिला, तो चांगला होता. कॉईलची जोडणी घासली. तीन संध्याकाळी यात गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी बायको अंगणात आली आणि म्हणाली, केवढा धूर साचवलाय, डोळे चुरचुरतात. तेव्हा डोक्यात उजेड पडला. या इंजिनाचा धूर पंख्याच्या मधून पाण्यात सुटतो. नदीत तो मागे राहतो, होडी पुढे जाते. पिंपात तो बुडबुड्यांनी वर येतो, पिंपाच्या तोंडावर साठतो आणि तिथेच कार्बोरेटरचं तोंड असतं. इंजिन आपलाच धूर पीत होतं. घरातला टेबलफॅन लांब वायर लावून आणला आणि आडवा वारा सोडला. इंजिन लगेच सुधारलं. शिवाय पिंप मी काठोकाठ भरला होता. इंजिन गरजेपेक्षा जास्त बुडालं की धूर बाहेर ढकलायलाही त्याला जोर लागतो.

थोडक्यात, पिंपात इंजिन थंड ठेवून चालू करून बघता येतं. गिअरखाली ते कसं चालेल हे पिंप सांगत नाही. तिसऱ्या दिवशी रात्रीच इंजिन परत गाडीवर चढवलं.

हीच बुडण्याची गोष्ट होडीतही घडते. मेव्हण्याबरोबर मागच्या फळीवर आणखी दोन जण बसले की मागचा भाग दबतो आणि स्लोचा धूर सोडायचं वरचं छोटं भोक पाण्याखाली जातं. इंजिनाच्या पायावर पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. त्याची तशीच होती. लोकांना पुढे बसवायला सांगितलं, एवढंच.

चांगदेवला सकाळी सात वाजता पाण्यात होतो. धुकं होतं. देवळाचा कळस अजून दिसत नव्हता. मेव्हण्याला दांड्याजवळ बसवलं आणि मी इंजिनाचं झाकण काढून त्याच्या शेजारी. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं फेरे मोजण्याचं छोटं मीटर माझ्याकडे आहे, ते लावलं. शहरातल्या मेकॅनिकने आत फिरवलेला स्क्रू आधी मागे घेतला. न्यूट्रलला मिनिटाला साडेनऊशे फेरे. गिअर टाकला, आठशे, साडेसहाशे, पाचशे, बंद.

आता खरी परीक्षा. हिला एक रुपया लागत नाही, आणि कोणी मला या विषयात एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन.

पुन्हा चालू केलं, गरम होऊ दिलं. मेव्हण्याला म्हटलं, मी सांगितलं की गिअर टाक. टाकल्याबरोबर मी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत राहिलो. फुगा दाबला की टाकीतून पेट्रोल जोराने येतं. इंजिनावरचा पंप कमी पडत असेल, नळीत हवा शिरत असेल, टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद राहिला असेल, तर फुगा दाबताच इंजिन सावरतं. सावरलं नाही. तसंच बंद.

दुसऱ्यांदा गिअर टाकताना मी चोकची गुंडी अर्धी ओढली. इंजिन खाली गेलं, पाचशेला टेकलं, आणि उठलं. साडेसहाशे. धूर थोडा जास्त, आवाज भरलेला, पण चालू. पंखा फिरतोय, होडी धुक्यातून हळूहळू सरकतेय. मेव्हणा माझ्याकडे बघत होता. गुंडी आत ढकलली, दोन धापा, बंद.

चोक हवा अडवतो, म्हणजे मिसळण पेट्रोलने घट्ट होते. चोकने जगतं याचा अर्थ इंजिन पेट्रोलला भुकेलं आहे. फुग्याने जगत नाही याचा अर्थ पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीपर्यंत पोचतंय, पुढे जात नाहीये. मोठ्या रेसला खणखणीत चालतं, म्हणजे मोठा जेट साफ आहे. राहिला फक्त स्लोचा जेट आणि त्याच्या वाटा. ओझं पडलं की वाढीव पेट्रोल ज्या चिमुकल्या भोकातून यायचं तेच बुजलेलं.

आणखी एक खात्री करून घेतली. न्यूट्रलला चालू असताना एकेक प्लगची टोपी काढली, रबरी पकडीने, हाताने नाही. दोन्ही वेळा फेरे सारखेच खाली आले. एक सिलिंडर आधीच मेलेला असता तर त्याची टोपी काढल्यावर काहीच फरक पडला नसता. म्हणजे ठिणगीवरचा संशय गेला. दोन सिलिंडरच्या इंजिनात हे बघितल्याशिवाय कार्बोरेटर उघडू नये, कारण एका सिलिंडरवर चालणारं इंजिनही न्यूट्रलला बरं वाटतं आणि गिअरला बसतं.

कार्बोरेटर घाटाच्या पायरीवर जुन्या धोतरावर उघडला. वाटीच्या तळाला हिरवट चिकट थर आणि पांढरट गोळ्या. मोठा जेट चकाचक होता, कोणीतरी आधी साफ केलेला. पण या कार्बोरेटरात स्लोचा जेट वाटीकडून दिसतच नाही. तो वरच्या अंगाला, एका छोट्या टोपणाखाली लपलेला असतो. टोपणावर जुनी धूळ तशीच बसलेली होती. आधी ज्याने कोणी हे उघडलं, त्याने ते टोपण काढलंच नव्हतं.

जेट काढून उजेडाकडे धरला. भोक दिसेना. स्प्रे मारून तासभर ठेवला आणि विजेच्या लवचिक वायरीतली तांब्याची एकच तार घेऊन त्यातून ओवली. स्टीलची टाचणी घालायची नाही, जेट पितळेचा असतो, भोक मोठं होतं आणि मग उलटा त्रास सुरू होतो. नंतर स्लोच्या वाटेत स्प्रेची नळी लावून फवारा मारला. रेस दिली की उघडणाऱ्या पाकळीजवळ रांगेने तीन बारीक भोकं असतात, त्या तिन्हींतून फवारा निघतो का हे पाहायचं. आधी एकातूनच निघाला. चौथ्या-पाचव्या वेळी तिन्हींतून निघाला. जेट साफ करून लोक थांबतात आणि ही भोकं तशीच राहतात. पाकळी जराशी उघडली की याच भोकांतून पेट्रोल येतं, आणि गिअर टाकण्याची वेळ नेमकी तीच असते.

हा थर आला कुठून, हे शोधणं मला दुरुस्तीएवढंच महत्त्वाचं वाटतं. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडतात, पाण्याला ओढ असते, तेव्हा मेव्हण्याने दोन-अडीच महिने होडी काठाला ओढून ठेवली होती. टाकी अर्धी भरलेली, कार्बोरेटरात पेट्रोल तसंच. टाकीतलं थोडं पेट्रोल मी काचेच्या बाटलीत काढलं आणि पायरीवर ठेवलं. दहा मिनिटांनी तळाला बोटभर वेगळा थर दिसायला लागला. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल पाण्याला धरतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं राहतं आणि जळून जातं, पण प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पाण्याला घेऊन खाली बसतं. टाकीची नळी तळातूनच ओढते. मोटारसायकल रोज चालते, तिची टाकी आठवड्याला रिकामी होते. होडीची टाकी पाण्याच्या काठी, दमट हवेत, महिनोन्महिने पडून राहते, म्हणून तिला हे जास्त बाधतं. त्याची जुनी रबरी नळीही आतून भुगा सोडत होती. ती बदलली, बरं झालं.

तेलाचंही बोलणं झालं. इंजिनाला जपायचं म्हणून तो लिटरला चाळीस मिली तेल घालत होता. या इंजिनाला ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली लागतं. जास्त तेल घातलं की प्लग काळे होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच जेटमधून जाणाऱ्या थेंबात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो, म्हणजे भुकेलं इंजिन आणखी भुकेलं होतं. हे त्याला पटायला वेळ लागला, कारण त्याने ते प्रेमापोटी केलं होतं. शिवाय तेल मोटारसायकलचं टू-टी होतं. पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू ३ नावाचं वेगळं तेल मिळतं, ते राख सोडत नाही. महाग आहे, पण दर लिटरला वीस मिलीच लागतं.

कार्बोरेटर जोडून मिसळणीचा स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवला आणि दीड फेरा मागे घेतला. ही फक्त सुरुवात. खरी सेटिंग गरम इंजिनावर, पाण्यात, पुढचा गिअर टाकलेला असतानाच करायची. न्यूट्रलला गोड आवाज लावून देणारे पुष्कळ आहेत, पण होडी न्यूट्रलला चालवायची नसते. मेव्हण्याने होडी सरळ धरली, मी स्क्रू एकेक पाव फेरा फिरवत गेलो. एका जागी आवाज भरला. गिअरमध्ये सातशेवर स्थिर, न्यूट्रलला नऊशे. चोकला हात लावायची गरज नाही.

मग मी त्याला तीस वेळा गिअर टाकायला लावला. मोजून. न्यूट्रल, पुढे, न्यूट्रल, मागे. हात झटक्यात, रेस तळाला. प्रत्येक वेळी आवाज एक पायरी उतरायचा आणि तिथे उभा राहायचा. खाड् नाही, फक्त बारीकसा खट्.

परतताना धुकं उठलं होतं. पूर्णेच्या तोंडाजवळ चक्रवाकांची जोडी बसलेली दिसली, विटकरी रंगाची. मेव्हण्याने रेस न वाढवता होडी तिकडे वळवली. पूर्वी तो इंजिन बंद करून वल्ह्याने जायचा, तोवर पक्षी उडून गेलेले असायचे. या वेळी इंजिन चालू ठेवून आम्ही बरेच जवळ गेलो. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दाजी, हे अशे आधी कधीच नाही जमलं मले."

त्या दुपारी सासूबाईंनी भरीत केलं होतं, तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं, आणि कळण्याची भाकरी. जेवताना त्याने विचारलं की मोठ्या बोटींचंही असंच असतं का. डिझेल बोटीचं वेगळं असतं. तिकडे नंदुरबारमध्ये अक्कलकुवा, धडगावच्या नर्मदाकाठच्या गावांना सरदार सरोवरच्या पाण्यात बोट हाच रस्ता आहे, दवाखानाही बोटीवर आहे. तिथे इंजिन मध्यावर बंद पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. डिझेलमध्ये कार्बोरेटर नसतो, चोकची परीक्षा चालत नाही. तिथे आधी पंख्यातली दोरी बघायची, मग डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी आणि नळीतली हवा, मग गव्हर्नरचं स्लो. क्रम मात्र बाहेरून आत असाच.

गिअरचा डबा शेवटी उघडावाच लागला, सील बदलायला. भुसावळच्या बेअरिंगच्या दुकानात मापाचे सील मिळाले. तेल खालच्या भोकातून भरलं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा राहते. पण शाफ्ट बाहेर काढला तेव्हा जे पाहायची भीती होती ते दिसलं. डॉग क्लचच्या मागच्या बाजूचे कोपरे गोल झालेत. घाटाला लागताना घाईने, वाढलेल्या रेसमध्ये रिव्हर्स मारण्याचे ते घाव. पुढची बाजू अजून बरी आहे. नवीन तुकडा मुंबईला सांगितलाय, तीन आठवडे झाले, आलेला नाही. तोवर त्याला म्हटलंय, रिव्हर्सवर जोर देऊ नको. काठ जवळ आला की तो आता इंजिन न्यूट्रलला घेतो आणि उरलेलं अंतर वल्ह्याने मारतो.